यंत्र मोडीत गेले, विद्या उरली

छत्रपती संभाजीनगर रेल्वेस्थानकाची आरक्षण खिडकी. वडिलांना तपासणीसाठी मुंबईला न्यायचे म्हणून एक जण रांगेत उभा आहे. गाडीत एकच बर्थ शिल्लक आहे. त्याच मिनिटाला नांदेडच्या खिडकीवर दुसरा कुणी त्याच गाडीचे तिकीट मागतो आणि जालन्यात घरी बसलेला तिसरा मोबाइलवर बोट ठेवून तयार असतो. तिघांनाही एक बर्थ शिल्लक दिसतो, पण मिळतो एकालाच. दोघांच्या हातात एकाच बर्थची दोन तिकिटे कधी पडत नाहीत.

आपले स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते. त्यामुळे इथल्या खिडकीचा धागा सिकंदराबादच्या संगणक केंद्राशी जोडलेला आहे. देशभरातील गाड्यांच्या आरक्षणाची यंत्रणा जोडली गेली, ती एका मोठ्या संगणकाभोवती नव्हे. नवी दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशा पाच केंद्रांत ती वाटली गेली आणि ही केंद्रे सतत एकमेकांशी बोलत राहिली. अशा रचनेला संगणकशास्त्रात वितरित प्रणाली म्हणतात. अनेक यंत्रे, अनेक गावे, पण वापरणाऱ्याला वाटावे की सगळे एकाच ठिकाणी आहे.

हे सॉफ्टवेअर लिहिणारी माणसे आपल्या देशात कुठून आली? या प्रश्नाचा माग काढत गेले की वाट मुंबईत कुलाब्याला, समुद्रकाठच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पोहोचते. तिथे रंगस्वामी नरसिंहन हे नाव भेटते. भारतातील संगणकशास्त्राच्या संशोधनाचे जनक म्हणून त्यांना ओळखले जाते. त्यांनी रेल्वे आरक्षणाची प्रणाली लिहिली नाही. पण ती लिहू शकणारे वातावरण या देशात तयार व्हावे, यासाठी त्यांनी आयुष्यातील मोठा काळ दिला.

मद्रास ते कुलाबा

नरसिंहन यांचा जन्म १९२६ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये झाला. गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी दूरसंचार विषय घेतला. पुढे अमेरिकेत कॅल्टेकमध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी आणि इंडियाना विद्यापीठात गणितातील डॉक्टरेट केली. तारा जोडणारा अभियंता आणि सिद्धांत मांडणारा गणिती अशी दोन माणसे त्यांच्यात एकत्र नांदत होती. पुढील कामात दोन्ही उपयोगी पडली.

१९५४ मध्ये ते भारतात परतले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. डॉ. होमी भाभा यांनी तिथे अणुविज्ञानाची पायाभरणी चालवली होती आणि त्या विज्ञानाला प्रचंड आकडेमोड लागत होती. देशात तेव्हा एकही इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ब्रिटनहून आणलेला एचईसी-२एम हा देशातील पहिला संगणक १९५५-५६च्या सुमारास बसवला गेला. भाभांच्या संस्थेने वेगळी वाट धरली. संगणक विकत आणण्याऐवजी इथेच बांधायचा, असे ठरले. जबाबदारी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील एका छोट्या गटाकडे आली.

या गटातील बहुतेक जण तरुण होते आणि संगणकाचा प्रत्यक्ष अनुभव त्यांना जवळपास नव्हता. हाताशी होते ते परदेशी संस्थांनी प्रसिद्ध केलेले तांत्रिक अहवाल. एखाद्या डॉक्टरने फक्त पुस्तक वाचून शस्त्रक्रियागृह उभे करावे, तसा हा प्रकार होता. म्हणून त्यांनी आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र केले. ते १९५६च्या अखेरीस चालू झाले. त्यातून चुका कळल्या आणि मग मोठ्या यंत्राचे काम सुरू झाले. १९६० मध्ये ते यंत्र कामाला लागले. जानेवारी १९६२ मध्ये संस्थेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन करायला आलेले पंतप्रधान पंडित नेहरू यांनी त्याला नाव दिले, टिफ्रॅक.

दहा किलोबाइटचे यंत्र

टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. मुख्य भाग एका पोलादी सांगाड्यात बसवला होता. सांगाडा १८ फूट लांब आणि ८ फूट उंच होता. स्मृतीसाठी बारीक चुंबकीय कड्यांचे जाळे वापरले होते. त्यात प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबात हे दहा किलोबाइट होतात. मोबाइलवर सकाळी येणाऱ्या शुभेच्छांच्या एका चित्रालाही याहून जास्त जागा लागते.

यंत्र तयार झाले, पण ते वापरणे हे निराळेच काम होते. त्याला सूचना द्यायच्या तर त्या शून्य आणि एक यांच्या मालिकेत द्याव्या लागत. बेरीज करायची असेल तर बेरजेचा संकेत, पहिला आकडा स्मृतीच्या कितव्या घरात आहे, दुसरा कितव्या घरात आहे, उत्तर कुठे ठेवायचे, हे सगळे माणसाने ठरवायचे. एक घर चुकले की पुढचे सगळे गणित चुकले. चूक शोधायला मदत करणारे साधनही हाताशी नाही. आज शाळेतले मूल एका ओळीत जे लिहिते, त्यासाठी तेव्हा गणितात पीएचडी केलेल्या माणसाचे दिवस जात.

टिफ्रॅकबद्दल एक कठोर प्रश्न तेव्हाही विचारला जात होता आणि आजही विचारला जातो. हे सगळे कष्ट वाया गेले का? प्रश्न निराधार नाही. यंत्र चालू झाले तोवर जगात ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते आणि निर्वात नळ्या जुन्या ठरू लागल्या होत्या. १९६४ मध्ये संस्थेने अमेरिकेतील कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० हा बलाढ्य संगणक आणला आणि टिफ्रॅकची गरजच संपली. त्याच्यासारखे दुसरे यंत्र कुठल्या कारखान्यात तयार झाले नाही.

पण हिशेब यंत्राच्या वयाने केला तरच तो तोट्याचा दिसतो. सीडीसी ३६०० आला तेव्हा त्याचे खोके उघडून आतले काय आहे ते समजून घेणारी, त्याला प्रश्न विचारू शकणारी माणसे इथे तयार होती. देशभरातील संस्थांमधील संशोधक आपले गणित भोक पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात बांधून कुलाब्याला पोहोचवू लागले आणि भारतातील वैज्ञानिकांची एक पिढी प्रोग्रॅमिंग शिकली ती या यंत्रावर. टिफ्रॅकच्या गटातील पी. व्ही. एस. राव यांनी पुढे संगणकाला माणसाचे बोलणे ओळखायला शिकवण्याच्या संशोधनात नाव कमावले. वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या वर्षाचे शवविच्छेदन आठवावे. त्यातून कुठला रुग्ण बरा होत नाही, पण ते केल्याशिवाय कुणी शल्यविशारदही होत नाही.

फोटोचे व्याकरण

१९६१ ते १९६४ या काळात नरसिंहन अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत होते. तिथे इलियाक-३ नावाच्या यंत्राची आखणी चालू होती. अणूपेक्षा सूक्ष्म कणांचा अभ्यास करताना द्रवाने भरलेल्या कुपीतून कण जाऊ देत. त्यांच्या वाटेवर बुडबुड्यांच्या रेषा उमटत आणि त्यांचे फोटो काढले जात. असे हजारो फोटो माणसांना डोळ्यांनी तपासावे लागत. हे काम यंत्राकडे द्यायचे होते.

एकाच प्रक्रियकाने चित्राचा एकेक ठिपका तपासत बसण्यापेक्षा ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ छोटे घटक जाळ्यासारखे मांडायचे आणि सगळ्यांनी आपापल्या ठिपक्याकडे एकाच वेळी पाहायचे, अशी त्या यंत्राची कल्पना होती. आपल्या डोळ्यातील पडदा साधारण असेच करतो. लाखो पेशी आपापल्या जागी एकाच वेळी काम करतात, शेजारच्या पेशींशी ताडून पाहतात आणि पुढे पाठवण्यापूर्वीच रेषा, कडा, फरक वेगळे करून ठेवतात.

नरसिंहन यांचे योगदान यंत्राच्या तारांपेक्षा विचारात अधिक होते. वाक्याला जसे व्याकरण असते, तसे चित्रालाही असते, असे त्यांनी मांडले. अक्षरांचे शब्द होतात, शब्दांचे वाक्य होते. तसेच ठिपक्यांची रेषा होते, रेषांचा फाटा होतो, फाट्यांतून घटना कळते. हे नियम लिहून काढले तर चित्र ओळखता येईल आणि त्याचे वर्णनही करता येईल. १९६४ मध्ये त्यांनी मांडलेला हा विचार चित्रांच्या संगणकीय अभ्यासातील एका संपूर्ण शाखेच्या मुळाशी गणला जातो.

डॉक्टरांना ही पद्धत परकी वाटू नये. छातीचा एक्स-रे वाचताना शिकाऊ डॉक्टरला हेच शिकवतात. आधी बरगड्या, मग हृदयाची कड, मग श्वासपटल, मग फुफ्फुसांचा भाग, आणि शेवटी या सगळ्यांचा परस्परांशी संबंध. आज छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय सांगणारे संगणक आले आहेत. १५ वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीत त्यांचा वापर करण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यांची पद्धत निराळी आहे. लाखो नमुने पाहून ते शिकतात, व्याकरणाचे नियम त्यांना कुणी लिहून देत नाही. त्यामुळे एखाद्या एक्स-रेवर संशय का घेतला, हे त्यांना नीट सांगता येत नाही. ओळखणे आणि वर्णन करणे यांतील जो फरक नरसिंहन यांनी साठ वर्षांपूर्वी दाखवला होता, तो असा आजही रुग्णालयात समोर येतो.

इलियाक-३ हे यंत्र १९६८ मध्ये आगीत जळाले. विचार मात्र तोवर शोधनिबंधांतून जगभर पोहोचला होता. टिफ्रॅकनंतर दुसऱ्यांदा तेच घडले. यंत्र गेले, शिकलेले राहिले.

हत्यारे करणारे हात

मायदेशी परतल्यावर नरसिंहन यांचे लक्ष यंत्राकडून प्रोग्रॅमकडे वळत गेले. १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९६७ मध्ये त्यांनी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि संगणक यांना एकाच सिद्धांतात बसवण्याचा तो प्रयत्न होता. यंत्र म्हणजे शेवटी त्याला कळणारी भाषा. ती भाषा बदलली की तेच लोखंड वेगळे यंत्र होते. आज एकाच मोबाइलमध्ये कॅमेरा, बँक आणि नकाशा सामावतो, तो याच तत्त्वावर.

सत्तरच्या दशकात देशात संगणकाची चर्चा मुख्यतः यंत्र कुठून आणायचे, कोण बांधणार, परकीय चलन किती लागेल, याभोवती फिरत होती. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा देशी संगणक आणला होता. सॉफ्टवेअर हे त्या यंत्राबरोबर फुकट येणारे काहीतरी, असाच बहुतेकांचा समज होता. अशा वेळी नरसिंहन यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सॉफ्टवेअर विकास आणि संगणन तंत्रांचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. तिथे एकाच संगणकावर अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी काम करू शकत. कार्डांचा गठ्ठा देऊन दुसऱ्या दिवशी उत्तर घेण्याची गरज उरली नाही.

सॉफ्टवेअर तयार करण्याची साधने म्हणजे नेमके काय, हे इथे समजून घ्यायला हवे. माणसाला समजेल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर. मजकूर लिहिण्या-खोडण्याचे साधन, एडिटर. प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत कुठल्या घरात काय आहे ते दाखवणारा डीबगर. सुतार आधी आपल्या पटाशीला धार लावतो, मग खुर्चीला हात घालतो. टिफ्रॅकच्या काळात धार लावायला दगडही नव्हता. ती उणीव ज्यांनी सोसली होती, त्यांनीच हत्यारांच्या कारखान्याचा आग्रह धरला.

याच केंद्राची १९८५ मध्ये नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही स्वतंत्र संस्था झाली आणि ती जुहूला गेली. १९८६ पासून देशातील शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारे अर्नेट हे जाळे उभे राहू लागले, त्यात तिचा मोठा वाटा होता. भारतातील ई-मेल आणि इंटरनेटची सुरुवात याच जाळ्यातून झाली. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. संस्थेचे नाव बदलले, पत्ता बदलला, पण शिकवण्याचे काम चालू राहिले.

परीक्षेची घडी

एवढ्या तयारीचा उपयोग काय, हे १९७८ मध्ये कळले. परकीय चलन कायद्यानुसार कंपनीतील विदेशी मालकी कमी करण्याची अट आयबीएमने मान्य केली नाही आणि ती भारतातून बाहेर पडली. बँका, कारखाने, सरकारी कचेऱ्या यांत त्या कंपनीची यंत्रे चालू होती. ती बंद पडली तर दुरुस्त कोण करणार? ही जबाबदारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने घेतली. तिचे पहिले अध्यक्ष नरसिंहन होते. यंत्रे चालू राहिली. खोक्याच्या आत डोकावण्याची सवय नसती, तर ती गंजत पडली असती.

दुरुस्तीसाठी जन्मलेली ही कंपनी, सीएमसी, पुढे प्रणाली बांधणारी झाली. १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत रेल्वेचे पहिले संगणकीकृत आरक्षण सुरू झाले, ते तिच्याच इंप्रेस या सॉफ्टवेअरवर. नंतर मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद इथेही केंद्रे झाली. पण प्रत्येक केंद्र आपल्यापुरते होते. एका केंद्राच्या खिडकीवर दुसऱ्या केंद्राच्या गाडीचे तिकीट मिळणे अवघड होते. रेल्वेच्या क्रिस या संस्थेने कॉन्सर्ट नावाचे नवे सॉफ्टवेअर लिहिले. ते १९९४ मध्ये सर्वप्रथम सिकंदराबादला बसवले आणि १९९९ मध्ये पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली.

हे जोडणे अवघड का असते, ते रक्तपेढीच्या उदाहरणाने कळेल. मध्यरात्री ओ निगेटिव्हची एकच पिशवी शिल्लक आहे. प्रसूती विभाग आणि अपघात विभाग दोघेही फोन करतात. तंत्रज्ञाने दोघांनाही होकार दिला तर एक रुग्ण संकटात सापडतो. म्हणून तो रक्त जुळवून पाहतो, पिशवीवर एका रुग्णाच्या नावाची चिठ्ठी लावतो आणि ती राखून ठेवतो. पिशवी वॉर्डात पोहोचल्याची सही झाली की नोंद पक्की होते. ठरलेल्या वेळेत कुणी आले नाही तर चिठ्ठी काढून पिशवी पुन्हा साठ्यात जाते. आधी राखून ठेवायचे, मग पक्के करायचे, या दोन पायऱ्यांवरच वितरित प्रणालीतील व्यवहार चालतो.

खरी अडचण पुढे आहे. चिठ्ठी लावली, आणि तेवढ्यात फोन बंद पडला. समोरच्या सिस्टरने नोंद केली की नाही, हे तंत्रज्ञाला कळायला मार्ग नाही. एकच संगणक असेल तर तो एक तर चालू असतो, नाहीतर बंद. अनेक संगणक असले की अर्धे चालू, अर्धे बंद, आणि कोण जिवंत आहे याची कुणालाच खात्री नाही, अशी अवस्था येते. अशा वेळी पैसे कापले जातात पण तिकीट निघत नाही. म्हणून प्रत्येक पायरी करण्याआधी तिची नोंद लिहून ठेवावी लागते. उत्तर आले नाही तर निरोप पुन्हा पाठवावा लागतो आणि तोच निरोप दोनदा पोहोचला तरी बर्थ एकदाच वजा होईल, याची काळजी घ्यावी लागते. या मधल्या निरोप्याच्या कामासाठी कॉन्सर्टमध्ये डिजिटल या अमेरिकी कंपनीचे तयार सॉफ्टवेअर वापरले गेले. पण कोटे, प्रतीक्षायादी, सवलती, मधल्या स्थानकांचे हिशेब, हे सारे इथल्या माणसांनी लिहिले. हत्यार बाहेरचे चालते. ते धरणारा हात आणि कशासाठी धरायचे ही समज घरची लागते.

मुलाच्या बोलण्याकडे

नरसिंहन यांना १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या काळात त्यांच्या संशोधनाने आणखी एक वळण घेतले होते. यंत्राला भाषा शिकवायची तर माणूस भाषा कशी शिकतो, हे आधी पाहिले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. त्यांच्या गटाने तमिळ बोलणाऱ्या घरातील लहान मूल आणि मोठी माणसे यांच्यातील रोजच्या बोलण्याच्या नोंदी ठेवल्या. मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी त्या आजही आंतरराष्ट्रीय संग्रहात उपलब्ध आहेत. १९८१ मध्ये भाषिक वर्तनावर त्यांचे पुस्तक आले आणि १९९८ मध्ये भाषा शिकण्याच्या प्रक्रियेवर दुसरे.

बालरोगतज्ज्ञ ज्या गोष्टीवर भर देतात, ती या संशोधनाच्याही केंद्रस्थानी आहे. मूल भाषा शिकते ती समोरच्या माणसाशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून. आई विचारते, मूल हुंकारते, आई तो हुंकार शब्द समजून उत्तर देते. पडद्यासमोर बसवलेल्या मुलाच्या कानावर शब्द भरपूर पडतात, पण त्याच्या हुंकाराला उत्तर कुणी देत नाही. दीड-दोन वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून घेऊन येणाऱ्या पालकांना डॉक्टर आधी कान तपासायला आणि मग घरात मुलाशी बोलायला सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

पुढील काळात नरसिंहन बंगळुरूला राहिले आणि उतारवयातही लिहीत राहिले. बुद्धिमत्ता म्हणजे काय, यावरील त्यांचे पुस्तक २००४ मध्ये आले, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

नोंद कुठे ठेवायची

रेल्वेने सोडवलेले कोडे आज आरोग्यसेवेपुढे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. अनेकांना वाटते की आपली सगळी कागदपत्रे दिल्लीतील एका संगणकात जाऊन बसतात. रचना तशी ठेवलेली नाही. ज्या रुग्णालयात तपासणी झाली, तिथेच नोंद राहते. दुसऱ्या डॉक्टरला ती हवी असेल तर रुग्णाच्या संमतीने मागवली जाते. मधली यंत्रणा निरोप पोहोचवते, नोंदी साठवत नाही.

ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. सगळ्या नोंदी एका जागी ठेवल्या तर एका चोरीत सगळ्यांचे गुपित जाते आणि एका बिघाडात सगळे अडते. विखुरल्या तर हा धोका कमी होतो, पण प्रत्येक गावातील प्रत्येक केंद्र नीट चालले पाहिजे. कन्नडच्या ग्रामीण रुग्णालयातून घाटीत पाठवलेल्या रुग्णाची आधीची नोंद मिळायची, तर दोन्हीकडची यंत्रे चालू हवीत, मधली वाट उघडी हवी आणि दोन्ही प्रणालींची भाषा एक हवी. यांतील एक दुवा निसटला तर रुग्णाला तीच रक्ततपासणी पुन्हा करावी लागते. कधी औषधाची ॲलर्जी नोंदलेली असते, पण ती वेळेवर दिसत नाही. म्हणून संगणक आला तरी ॲलर्जी, रक्तगट आणि चालू औषधांची चिठ्ठी रुग्णाने जवळ ठेवणे शहाणपणाचे.

रुग्णालयासाठी नवे सॉफ्टवेअर घेताना किंमत आणि पडद्यावरचे रंग पाहिले जातात. नरसिंहन यांच्या आयुष्याकडे पाहिले तर आधी दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. मध्यरात्री जोडणी तुटली तर ही प्रणाली काय करते? आणि ती विकणारी कंपनी उद्या निघून गेली, तर तिच्या आतले कळणारा माणूस आपल्याकडे आहे का?

टिफ्रॅकचा पोलादी सांगाडा केव्हाच निकामी झाला. स्थानकाच्या खिडकीवर मात्र तिघांपैकी एकाच्या हातात तिकीट पडते, आणि उरलेल्या दोघांना प्रतीक्षायादीतील आपला क्रमांक तेवढ्याच अचूकपणे कळतो.